व्हरांड्यातून वाचलेले मेसेज

सोलापुरात एमबीबीएस करताना आमच्या बॅचने एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. सुरुवातीला त्याचा उपयोग एवढाच, की कुणाची ड्युटी कुणी घ्यायची, मेसमध्ये आज काय आहे आणि तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर कसे आहेत. इंटर्नशिपमध्ये काही सीनियर त्यात आले, मग त्यांचे सीनियर. आम्ही पांगलो तसा ग्रुप वाढत गेला. कुणी ईसीजीचा फोटो टाकून विचारायचं, "मला वाटतंय तेच आहे ना हे?" कुणी पीजीला नंबर लागला नाही म्हणून कोरड्या दोन ओळी लिहायचं, आणि मग त्याला दिवसभर फोन जात राहायचे. नियम मोजकेच. पेशंटचं नाव नाही, चेहरा नाही. आणि कुणी 'तातडीचं' असं लिहिलं तर ज्याला येतं त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं.

मी त्या ग्रुपमध्ये नुसती वाचायचे. विचारलं की आपल्याला येत नाही हे सगळ्यांना कळतं, असं वाटायचं. शिवाय ग्रुपमध्ये स्त्रीरोग विभागातली एक सीनियर होती. आम्ही तिला मॅमच म्हणायचो. इंटर्नशिपमध्ये लेबर रूमला मी तिच्या हाताखाली होते. ती कधी ओरडायची नाही. प्रश्न विचारायची आणि उत्तर येईपर्यंत तुमच्याकडे बघत राहायची, ते ओरडण्यापेक्षा वाईट. एकदा टाक्यांचं सामान मी चुकीचं मांडलं, तर तिने ते सगळं एकत्र करून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "पुन्हा." ग्रुपवर तिचं उत्तर दिसलं की खुर्चीत रेललेली मी आपोआप सरळ बसायचे.

एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, म्हणजे बाँडच्या नोकरीत, मला बार्शी तालुक्यातलं एक आरोग्य केंद्र मिळालं. इमारत जुनी, भिंती जाड. लेबर रूममध्ये मोबाईलला रेंजच नाही. बाहेर व्हरांड्यात, लेबर रूमच्या उंच खिडकीखाली उभं राहिलं तर मेसेज जायचे-यायचे. कॉल लागला तरी दोन शब्दांत तुटायचा. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी मोठे डॉक्टर केंद्राची गाडी घेऊन मीटिंगला गेले होते. मागे मी, माझ्या आईच्या वयाच्या सिस्टर आणि आमचे फार्मासिस्ट. फार्मासिस्ट पन्नाशीचे, अतिशय सभ्य. बायका जवळ असल्या की ते आवाज आणखी खाली आणून बोलायचे.

दुपारी ओपीडी संपता संपता एक बाई रिक्षातून आली. तिसरी खेप. आली तीच शेवटच्या कळांमध्ये, कुठे पुढे पाठवायला वेळच नव्हता. बाळंतपण मात्र सरळ झालं. मुलगी. खणखणीत रडली. सिस्टरांनी तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर आजीकडे दिलं. वार पडली, मी ती उलटसुलट करून पाहिली, पूर्ण होती. कुठे फाटलेलं नव्हतं. मी हातमोजे काढत होते, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, इकडं बघा जरा."

मी वाकून खाली पाहिलं.

टेबलाखालच्या बादलीत रक्ताची धार पडत होती. मी बाईच्या पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर पिशवी दगडासारखी कडक लागायला हवी. ती कणकेच्या गोळ्यासारखी मऊ होती. म्हणजे ती आकसत नव्हती, आणि ती आकसल्याशिवाय रक्त थांबणार नव्हतं. पोट चोळायला लागले. सिस्टरांनी दुसरी सलाइन लावली, लघवीची नळी घातली. होती ती सगळी इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या. जरा कमी झाल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा धार लागायची. बाईचे ओठ पांढरे पडत चालले होते. ती मला म्हणाली, "डाक्टरीणबाई, मला गारठा लई लागतोय." बाहेर ऊन रणरणत होतं.

मग पुस्तकात वाचलेली शेवटची गोष्ट केली. एक हात आत घालून मूठ केली, दुसरा वरून पोटावर, आणि दोन्हींच्या मध्ये पिशवी दाबून धरली. त्याने धार थांबली. पण हात काढला की ती पुन्हा लागणार हे मला कळत होतं. म्हणजे आता मी तिथून हलू शकत नव्हते.

फार्मासिस्टनी पळत रस्त्यापर्यंत जाऊन अँब्युलन्सला फोन केला होता. ते दाराबाहेर पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, गाडी दुसरा पेशंट सोडायला गेलीय. येतीय म्हणाले, पण वेळ लागंल."

आमच्या घरी तेलुगू बोलतात. आई-वडील दोघंही मागावरच्या कामात आयुष्य काढलेले. घाबरले की मी मनातल्या मनात तेलुगूत बोलते. त्या वेळी माझ्या डोक्यात एकच तेलुगू शब्द फिरत होता, "अम्मा, अम्मा." आमच्यात आईलाही अम्मा म्हणतात आणि परक्या बाईलाही; मी पेशंटला म्हणत होते की स्वतःच्या आईला, ते मला आजही सांगता येणार नाही.

"माझा फोन घ्या," मी ओरडले. "ओपीडीच्या टेबलावर आहे. आमच्या बॅचचा ग्रुप उघडा आणि मी सांगते ते लिहा."

ते फोन घेऊन खिडकीखाली गेले. मी आतून सांगत गेले, ते पुटपुटत लिहीत गेले. तातडीचं. बाळंतपणानंतर रक्तस्राव. पिशवी आकसत नाही. सगळी औषधं देऊन झाली. हाताने दाबून धरलंय. गाडी यायला वेळ आहे. पुढे काय करू?

मेसेज गेला. बाहेर नवजात पोर रडत होतं आणि तिची आजी "व्हय ग बाय, व्हय ग बाय" करत तिला हलवत होती.

"आलं, आलं!" फार्मासिस्टचा आवाज. "यात लिहिलंय, पोट चोळा, ऑक्सिटोसिन द्या."

"दिलंय! पुढचं!"

"हे दुसरे विचारतायत…" ते अडखळले. मग प्रामाणिकपणे जसंच्या तसं वाचलं, "आधीच रेफर का नाही केलं? हे बाँडवाले शेवटपर्यंत थांबतात."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता. सिस्टरांनी माझ्या कपाळावरचा घाम गॉझने टिपला. त्यात डोळेही टिपले.

"मॅडम, आता एक मॅम आल्यात." फार्मासिस्टचा आवाज जरा वेगळा झाला. "त्या म्हणतायत, बाकी सगळे थांबा. मी विचारते त्याचंच उत्तर दे. वार पूर्ण आहे?"

"पूर्ण."

"कुठे फाटलंय?"

"नाही. बघितलंय."

"लघवीची नळी?"

"घातलीय."

मधे खिडकीखाली काहीच ऐकू येईना. मी हाक मारली. फार्मासिस्ट नुसते खाकरले.

"काय लिहिलंय त्यात?"

"मॅडम, ते… आत येऊन सांगू का? इथं मंडळी आहेत."

"वाचा!"

"निरोध आहे का, विचारतायत," ते कसंबसं म्हणाले.

मग बाळाच्या आजीचा आवाज आला, चांगला खणखणीत. "आवं मग द्या की! हाय न्हवं तुमच्या कपाटात? माझी सून चाललीय आन् तुमी लाजताय कशापायी?"

फार्मासिस्ट धावतच कपाटाकडे गेले. मला एव्हाना कळलं होतं मॅम काय सांगतेय. निरोध नळीच्या टोकावर दोऱ्याने घट्ट बांधायचा, तो पिशवीत सारायचा आणि नळीतून सलाइन भरायचं. आत फुगा तयार होतो आणि तो आतून दाब देतो. इंटर्नशिपमध्ये हे एकदा लांबून पाहिलं होतं. बघणाऱ्यांच्या गर्दीत मी सगळ्यांत मागे होते.

सिस्टरांनी निर्जंतुक नळी घेतली. मॅमचा एकेक मेसेज खिडकीतून आत येत होता आणि सिस्टर तसं करत होत्या. दोरा इथे बांधा. ओढून बघा. बाहेरच पाणी भरून गळतंय का बघा. गळत होतं. सिस्टरांनी दोरा तोडला, दुसरा निरोध काढला, पुन्हा बांधला. या वेळी गळलं नाही.

"त्या म्हणतायत, आता हात काढ."

मी काढला नाही. मला तो काढताच येईना. माझा हात म्हणजे त्या बाईच्या जिवाला लावलेलं बूच आहे, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

"मॅडम, हात काढ असं लिहिलंय."

"त्यांना म्हणावं, रक्त येईल."

ते लिहून झालं. उत्तर लगेच आलं. फार्मासिस्टनी ते अगदी हळू वाचलं, जणू मॅमच माझ्यासमोर उभी आहे आणि ते आम्हा दोघींच्या मध्ये आलेत. "येईल. थोडं येऊ दे. मी इथेच आहे. काढ."

मी हात काढला. रक्त आलं. सिस्टरांनी उजेड धरला, मी नळी आत सारली, सलाइन सोडलं. बाईने डोळे मिटले होते. सिस्टर तिच्या गालावर थापट्या मारत म्हणत होत्या, "ए बाई, झोपू नगंस. माझ्याकडं बघ. पोरीचं नाव काय ठेवायचं सांग मला."

"किती भरायचं?" मी विचारलं.

"रक्त थांबेपर्यंत, असं म्हणतायत. घाई नको."

पुढचा वेळ मी फक्त बघत होते. धार. मग थेंब. मग थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. पोटावर हात ठेवला तर पिशवी थोडी घट्ट लागली. मला वाटलं भास असेल, म्हणून सिस्टरांना हात लावून बघायला सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मग त्या भिंतीला टेकल्या.

दरम्यान बार्शीतल्या एका खाजगी दवाखान्यात काम करणाऱ्या माझ्या एका बॅचमेटने लिहिलं होतं, "इकडेच आणा. रक्तगट सांगा." गट निगेटिव्हमधला, सहज न मिळणारा होता. त्यावर त्याचं एकच उत्तर आलं, "बघतो."

अँब्युलन्स आली. स्ट्रेचरवर घेताना, पायऱ्या उतरताना, प्रत्येक हिसक्याला मी नळीकडे बघत होते. आजीला नातीसकट पुढे बसवलं. रस्त्याला लागल्यावर माझ्या फोनला रेंज आली आणि मॅमचे मेसेज धडाधड उतरले. सगळ्यांत एकच शब्द. "नाडी?" मी मोजून लिहायचे. ती पुन्हा विचारायची, "नाडी?" वाळलेल्या रक्ताने बोटं चिकट झाली होती, अक्षरं चुकत होती. एकदा रेंज गेली, आली तेव्हा तिचे चार प्रश्न साठले होते. त्यांच्याखाली बॅचमेटचा मेसेज होता, "मिळालं. गेटवर उभा आहे."

बार्शी जवळ आली तेव्हा बाईने डोळे उघडले. इकडेतिकडे बघून म्हणाली, "माझी पोरगी कुटं हाय?"

"पुढं हाय, तुझ्या सासूपाशी," मी म्हणाले. माझ्या तोंडून असं बोलणं आलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

बॅचमेट खरंच गेटवर उभा होता. त्याने मला ओळख दाखवली नाही की हाक मारली नाही, सरळ स्ट्रेचरचं एक टोक धरलं. आत रक्त लावलं. ऑपरेशनची तयारी केली होती, पण ते करावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी फुगा हळूहळू रिकामा करून काढला आणि रक्त आलं नाही. पिशवी वाचली, बाई वाचली.

बाईला आणलं त्याच संध्याकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ग्रुपवर लिहिलं, "थांबलं. बरी आहे." मग फोन बराच वेळ थरथरत राहिला. मॅमने एवढंच लिहिलं, "हात धू. काय केलंस ते उद्या क्रमाने लिहून पाठव." कौतुकाचा एक शब्द नाही. तो नव्हता म्हणून मला बरं वाटलं. ज्याने 'बाँडवाले' म्हटलं होतं त्याने मला वेगळा मेसेज करून माफी मागितली. मी बरेच दिवस त्याला उत्तर दिलं नाही. नंतर दिलं. त्यालाही कुठल्याशा गावात अशीच एकट्याने ड्युटी होती, आणि त्या आठवड्यात त्याचा एक पेशंट गेला होता.

मॅमबद्दल मला पुढे दुसऱ्या कुणाकडून कळलं. त्या दुपारी तिचा वॉर्डात राउंड चालू होता. मोठ्या सरांनी तिच्या हातात फोन बघितला आणि सगळ्यांसमोर तिला बाहेर जायला सांगितलं. तिने काही खुलासा केला नाही. ती बाहेर जाऊन पॅसेजमध्ये उभी राहिली आणि तिथून मला लिहीत राहिली. मी फोन करून विचारलं तर म्हणाली, "सरांचं बरोबर होतं. राउंडला फोन नको." आणि विषय बदलला.

लसीकरणाच्या दिवशी ती बाई आली. अजून फिकट होती, पण स्वतःच्या पायांनी आली होती. छातीशी लेक, मागे सासू. लस टोचून झाल्यावर सासू जाईना. म्हणाली, "ती फोनमधली बाई दावा की आमाला. समदं ऐकलंय मी तिचं बोलणं, पर बघितली न्हाय."

मी त्यांना व्हरांड्याच्या पार टोकाला नेलं आणि व्हिडिओ कॉल लावला. त्या दिवशी नशिबाने तो तुटला नाही. पडद्यावर मॅम दिसली, डोक्यावर ऑपरेशनची टोपी तशीच. बाईने लेकीला उचलून फोनसमोर धरलं. मॅम बघत राहिली. लेबर रूममध्ये आमच्याकडे बघायची तशीच, पण या वेळी तिच्याजवळ प्रश्न नव्हता. शेवटी सासूनेच फोन माझ्या हातातून घेतला, अगदी डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "अग, केवढीशी हाईस तू! जेवलीस का?"

मॅमने मान हलवली, नाही म्हणून. मग टोपी काढून तिने तीच तोंडावर धरली. आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो, कुणीच फोन बंद केला नाही.