सीटमधली पिवळी पिशवी

साईनगर मागे पडलं तशी पार्बताबाईंनी एकदम थांबून चपला काढल्या आणि पिशवीत घातल्या.

"मावशी, खडे टोचतील ना," मंजुषा म्हणाली.

"अनवानी येतो म्हनून बोलली होती मी. टेसनावर ध्यानातच नाही राह्यलं. देवी म्हनीन, बुढी लबाड हाये."

दोघी सकाळच्या गाडीने अकोल्याहून बडनेऱ्याला उतरल्या होत्या आणि तिथून चालत अमरावतीच्या अंबादेवीला निघाल्या होत्या. नवरात्र असल्याने रस्ता बायामाणसांनी भरला होता. मंजुषा शाळेत शिकवायची. शेजारच्या मावशींचे गुडघे दुखतात हे ठाऊक असल्याने ती मुद्दाम सोबत आली होती. चालताचालता मावशींनी तिला नवसाची गोष्ट सांगितली.

पार्बताबाईंचं मोटारीच्या सीटा शिवायचं दुकान. काम नवऱ्याने शिकवलं, आणि तो गेल्यावर मशीन त्यांनीच चालवलं. जुन्या परदेशी गाड्यांची सीट उसवली की कधीकधी स्प्रिंगांच्या मध्ये घडी केलेला कागद निघे. त्यावर चौकोन, आणि चौकोनात आकडे. पार्बताबाईंना वाटलं, हे मंतरलेलं यंत्र आहे. घरातल्या कुणी वडीलधाऱ्याने गाडीच्या रक्षणासाठी ठेवलं असणार.

नवरा म्हणायचा, "टाक रद्दीत."

"दुसऱ्याचं रक्षन आपन कावून मोडाव?" असं म्हणून त्या कागदाला हळदीकुंकवाचं बोट लावत, पिवळ्या कापडाच्या पिशवीत शिवत आणि नव्या काथ्याखाली होता तिथेच ठेवून देत. मालकाला सांगत नसत. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, अशी त्यांची समजूत.

मागच्या महिन्यात खुशालराव दुकानात आले. त्यांच्या वडिलांनी, उत्तमरावांनी, तरुणपणी कोरी करकरीत परदेशी गाडी आणली होती. तिच्या सीटा मागे पार्बताबाईंनीच नव्याने शिवून दिल्या होत्या. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनासाठी तपासायला आलेला माणूस म्हणाला, ही दोन गाड्या जोडून केलेली आहे. नव्वदीचे उत्तमराव एवढंच म्हणाले, "म्हंजे मी खोटा?" तेव्हापासून त्यांचं अन्नावरून मन उडालं होतं.

"मावशी, गाडी बनवताना कारखान्यातले लोक तिच्या भागांचे नंबर लिहिलेला कागद सीटमधी सोडून देत म्हने," खुशालराव म्हणाले. "तुमाले सापडला होता का? फेकला असन तरी सांगा. मी काई म्हननार नाही."

"कागद? अन् मी तेले यंत्र समजत होती!"

यांच्या गाडीत तो निघाला होता की नाही, काही केल्या आठवेना. निघाला असला तरी उंदरांनी ठेवला असेल कशावरून? त्यांनी तिथेच देवीला हात जोडले. माय, म्हाताऱ्याचा शब्द राहू दे, बडनेऱ्यापासून अनवाणी येते.

खुशालरावांच्या अंगणात त्यांनी स्वतःचीच शिवण उसवली. उत्तमराव खुर्चीत बसून पाहत होते. काथ्या बाजूला केला, तर पिवळी पिशवी जशीच्या तशी होती! कागदावर हळदीचा डाग तेवढा पसरला होता. खुशालराव एकेक आकडा वाचत गेले आणि गाडीवर कोरलेल्या आकड्यांशी ताडत गेले. सगळे जुळले.

उत्तमरावांनी कागद हातात घेऊन पाहिला. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "वाढ व, भूक लागली. अन् या बाईचंबी ताट घे."

"दोन भाकरी खाल्ल्या बुढ्यानं," गोष्ट संपवत, वाटेत राजापेठेत पाय चोळत पार्बताबाई म्हणाल्या. "मीबी तेवढ्याच खाल्ल्या."

दर्शन झालं. ओटी भरून बाहेर पायरीवर बसल्या तेव्हा मावशींचे डोळे भरून आले होते.

"आता काय झालं, मावशी? नवस तर फिटला."

"आईनं लई दिलं, पन एक घोर हाये. अशा किती पिशव्या मीनं शिवल्या. त्या गाड्या इकल्या गेल्या, कुठंकुठं असतीन. आता कोनी सीट उसवली, हयद-कुकू पाह्यलं, तर करनी समजून जाळून टाकीन ना व!"

मंजुषाला हसू आलं, पण मावशींनी तिचा हात घट्ट धरला होता.

"तू शिकेल हायेस. लिहून टाक कुठंतरी. जुन्या गाडीत पिवळी पिशवी सापडली तर भेऊ नोका म्हना, अकोल्याच्या पार्बताबाईनं ठेवली हाये. जाळू नोका. मालकाले द्या."