दोन मैल गाडीवाट, सहा मैल सडक

पन्नासच्या दशकातल्या एका दिवाळीनंतर मुरबाडच्या शाळेतून मला संस्कृत शिकविण्यासाठी बोलावणे आले. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ होते, परंतु त्यांनी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली. "शास्त्रीबुवा, मुरबाडात खोली घ्या. तुमच्या गावाहून रोज जाणे-येणे माणसाला झेपणारे नाही." होकार-नकार आठ दिवसांत कळवायचा होता.

आमचे गाव शहापूर-मुरबाड सडकेपासून दोन मैल आत. सडकेला लागल्यावर मुरबाड आणखी सहा मैल. एसटीची एक गाडी सकाळी जाई आणि दुसरी तिच्या मर्जीने परत येई. पायी जावे तर अडीच तास. शाळा साडेचारला सुटणार आणि कार्तिकात सहाच्या सुमारास सूर्य मावळणार, म्हणजे पायी परतणाऱ्याच्या हाती दिवस उरणार नव्हता. मला तर तो हवाच होता. गावच्या महादेवाची पूजा आमच्या घराण्याकडे. सूर्य मावळल्यावर गाभारा अंधारात राहू द्यायचा नाही, आणि समई घरातल्याच हाताने लावायची, असा पणजोबांपासूनचा परिपाठ. गाभारा पाच पायऱ्या खोल होता. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे त्या पायऱ्यांना आता दाद देत नव्हते आणि मला भाऊ नव्हता. मी मुरबाडात खोली घेतली असती तर त्या दिवशी पूजा आमच्या घरातून गेली असती. शाळा स्वीकारायची आणि पूजाही राखायची, असे मी मनाशी ठरविले. त्यासाठी एक सायकल हवी होती.

मुरबाडच्या एसटी थांब्याशी तासाच्या भाड्याने सायकली देणारे एक दुकान होते. दुकानदार ठेंगणा, हात कायम काळे, आणि जीभ हातांहून चपळ. त्याच्याकडे विकाऊ अशा दोन जुन्या सायकली होत्या. एक हिरवी, हलकी, बारीक टायरांची, वायरच्या ब्रेकांची. ती कचेरीतल्या एका कारकुनाची होती. दुसरी काळी आणि अवजड. टायर रुंद, ब्रेक लोखंडी दांड्यांचे, साखळीवर पुरते झाकण. ती पूर्वी टपाल वाटणाऱ्याने वापरलेली. किंमत दोहोंची जवळपास सारखीच.

माझी दृष्टी मात्र प्रथम दोन्हींच्या बैठकीवर गेली. याचे कारण सांगितले पाहिजे. नाशिकच्या पाठशाळेत असताना चामड्याला स्पर्श न करण्याचा नेम मी घेतला होता. पायांत खडावा, फार तर कापडी बूट, आणि घड्याळाचा पट्टासुद्धा सुती. सहा वर्षे तो नेम अखंड चालला होता आणि त्याचा मला, आज मान्य करतो, थोडा अभिमानही होता. काळ्या सायकलची बैठक जाड चामड्याची होती, हिरवीची रेक्झिनची. मी हिरवीवर हात ठेवला.

"भटजी, कंची वाट तुमची?" दुकानदाराने विचारले.

मी गावाचे नाव सांगितले.

"मंग ही काली न्या. टपालवाल्यानं धा वर्सं त्याच वाटंनं फिरवलीय. तिला तुमच्या गावचा एकेक खड्डा वलखीचा हाय."

"मला हीच बरी वाटते."

"बरी दिसते म्हना," तो हसला. "न्या. दोन दिस चालवून बगा. पटली नाय तर परत आना, मी काय पलून जात नाय."

सडकेवर हिरवी सायकल अशी चालली की मला पाठशाळेतले दिवस आठवले, जेव्हा आम्ही विद्यार्थी भाड्याची सायकल घेऊन गोदाकाठी ती चालवायला शिकलो होतो. डांबर संपून खडी लागली तेव्हा हाताला कंप जाणवू लागला, तरी सहा मैल पुष्कळच लवकर सरले. मग गाडीवाट आली. पावसाळ्यात बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी चिखलात पाडलेल्या चाकोऱ्या आता वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. बारीक टायर चाकोरीत शिरले की बाहेर निघेना, आणि मधल्या गवताच्या उंचवट्यावर चढवावे तर घसरे. ओढ्याच्या उतारावर ब्रेक दाबला, त्याची वायर सैल पडली. त्याच क्षणी धोतराचा सोगा साखळीत गेला. मी सायकलसह ओढ्याच्या कोरड्या गोट्यांवर आलो. गुडघा फुटला, धोतर फाटले आणि पुढचे चाक वाकडे होऊन फिरेनासे झाले.

सायकल खांद्यावर घेऊन मी देवळाशी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गाभाऱ्यात समई तेवत होती. अण्णा तिसऱ्या पायरीवर भिंतीला धरून बसले होते. ते एकटे खाली उतरले होते, पण त्यांना वर येता येत नव्हते.

मी त्यांना धरून वर आणले. दारातल्या सायकलकडे पाहून ते म्हणाले, "हीच का घेतलीस?"

मी खरे ते सांगितले.

"नेम कोणी घेतला होता?"

"मी."

"आणि पूजा कोणाची?"

मी गाभाऱ्यातल्या समईकडे पाहिले.

"नेम तुझा आहे, पूजा देवाची आहे. तुझ्या नेमापायी देवाला अंधारात बसवू नकोस. शाळेतून येशील तो ओवळाच येशील, कशावरही बसून आलास तरी. विहिरीवर स्नान करशील तेव्हा सोवळा होशील. त्यासाठीच तर विहीर आहे."

"मग सहा वर्षांच्या नेमाचे काय करू?"

"देवापुढे ठेव आणि त्याची आज्ञा घे. इतके दिवस पाळलास, सोडतानाही तितक्याच श्रद्धेने सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पूजेत मी हातावर पाणी घेतले आणि तो नेम महादेवाच्या चरणी विसर्जित केला. मन जड झाले होते हे नाकारणार नाही. त्यानंतर वाकडे चाक ढकलीत, उचलीत, मी मुरबाडला गेलो.

दुकानदाराने दुरूनच हात जोडले. "या! कारकुनाची सायकल खांद्यावर बसून आली जनू!"

"बैठक पाहून घेतली होती," मी म्हणालो आणि कारणही सांगितले.

तो थोडा गंभीर झाला. "अवो भटजी, वाटंला चाक लागतं, शीट नाय लागत. पन तुमचं धरमाचं काम हाय, मी हसनार नाय." मग काळी सायकल बाहेर काढून म्हणाला, "शिटावर घोंगडीचा तुकडा बांधू का? म्हंजे लागायचं नाय चामडं."

लोकर सोवळ्यात चालते, हे त्यालाही ठाऊक होते. क्षणभर मोह झाला. परंतु देवापुढे सोडलेली गोष्ट घोंगडीखाली लपवून पुन्हा पाळल्याचा आव आणणे मला रुचेना.

"नको," मी म्हणालो. "आहे तशीच द्या."

वाकड्या चाकाची भरपाई दिली आणि मुद्दाम शाळा सुटेपर्यंत थांबून मी निघालो तेव्हा शाळेच्या घंटेने साडेचार वाजल्याचे सांगितले. ती माझी परीक्षाच होती. सडकेवर काळी सायकल मंद चालली, चढावर तर तिने माझी छाती भरून आणली. दोन ठिकाणी उतरावे लागले. सूर्य खाली येत होता आणि मी पायडल मारण्यापलीकडे काहीही मनात येऊ दिले नाही. गाडीवाटेला मात्र तिचे रुंद टायर चाकोरीत असे बसले की हँडल धरण्यापुरतेच धरावे. ओढ्याच्या उतारावर दांड्यांचे ब्रेक कुरकुरले, पण धरून राहिले. धोतर साखळीपासून सुरक्षित होते.

विहिरीवर पोहोचलो तेव्हा डोंगराच्या माथ्यावर अजून ऊन होते. स्नान केले, ओल्यानेच पाच पायऱ्या उतरलो आणि समई लावली. अण्णा वर नंदीपाशी बसले होते.

"अण्णा, चढावर दोनदा उतरलो, तरी वेळेत आलो. मुरबाडात खोली घेत नाही. तसे शाळेला कळवतो."

त्यांनी मान हलविली. "संध्याकाळ साधली. सकाळचे काय? अभिषेक, नैवेद्य उरकून नऊला निघायला हवे."

"चारला उठेन."

"साडेतीनला हाक मारतो," अण्णा म्हणाले. "चढावर दोनदा उतरावे लागते ना तुला?"