चौथ्या राउंडची चौदा सेकंदं

माझे सासरे पोटापाण्यासाठी घड्याळं दुरुस्त करायचे आणि दर शनिवारी संध्याकाळी बॉक्सिंगच्या क्लबात घंटा वाजवायचे. बावीस वर्षं वाजवली. रिंगला खेटून त्यांचं टेबल, टेबलावर पितळी घंटा, हातात स्टॉपवॉच. लढणाऱ्यांचा घाम उडून त्यांच्या शर्टावर पडायचा, इतके जवळ. आणि एवढं असून बॉक्सिंगमधलं त्यांना माझ्याइतकंच कळायचं, म्हणजे ओ की ठो नाही. कारण टाइमकीपरने वर बघायचं नसतं. तीन मिनिटं डोळे काट्यावर, मग घंटा, मग एक मिनिट विश्रांती, पुन्हा घंटा, पुन्हा डोळे काट्यावर. "लोक लढत बघायला यायचे, मी वेळ बघायला जायचो," असं ते छाती काढून सांगायचे. बावीस वर्षांत एकदाही मान वर केली नाही, हा त्यांचा एकुलता एक अभिमान होता.

मी मुद्रितशोधक. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हे काम मी एकोणीस वर्षं केलं. मग छापखाना बंद पडला आणि मी घरी बसले. चुका दिसण्याची खोड मात्र सुटली नाही. औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचतानाही माझा हात पेन्सिल शोधतो. नवरा बस डेपोत फिटर, सकाळी जातो तो दिवेलागणीला उगवतो. दिवसभर घरात आम्ही दोघंच, नोकरी गेलेली सून आणि नजर गेलेले सासरे. काचबिंदूने त्यांचे डोळे तीन वर्षांत खाल्ले. आम्हा दोघांनाही आता कोणी विचारत नव्हतं. दुपार अक्षरशः अंगावर यायची.

नजर जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं त्याच आठवड्यात बाबांनी आपल्या हाताने स्टॉपवॉचची काच काढून टाकली. बोटाच्या टोकाने काटा चाचपायचे, इतकं हलकं की काटा जागचा हलायचा नाही. घरातून कोपऱ्यापर्यंत एकशे चाळीस पावलं, जिन्याला सोळा पायऱ्या, सगळं मोजून ठेवलेलं. काठी होती ती लोकांना दाखवायला.

क्लब बंद होऊन तिथे गालिच्यांचं गोदाम झालं, तेव्हा जुन्या लढतींच्या कॅसेटी कचऱ्यात निघाल्या होत्या. बाबांनी दोन खोकी भरून घरी आणली आणि पलंगाखाली ढकलली. नऊ वर्षं ती तिथे धूळ खात होती. एका दुपारी मी झाडताना वैतागून म्हटलं, "बाबा, ह्या बघायच्या तरी, नाहीतर टाकायच्या तरी."

"मी काय बघणार?" ते म्हणाले. "तू बघ आणि सांग."

नवऱ्याने डेपोतल्या कोणाकडून तरी जुना व्हीसीआर आणला, दोन दिवस पोट उघडून बसला आणि चालू करून दिला. मारामारी मला टीव्हीवरसुद्धा बघवत नाही. पहिली कॅसेट मी डोळ्यांवर हात घेऊन, बोटांच्या फटीतून बघितली.

"बाबा, ह्याने त्याला मिठी मारली."

"मिठी? रिंगमध्ये?"

"घट्ट. आता रेफरी सोडवतोय."

"काहीतरी चुकीचं बघत असशील."

दमलेला माणूस समोरच्याला मिठी मारून दोन श्वास चोरतो, हे उमगायला आम्हाला तीन कॅसेटी लागल्या. दोघंही त्या बाबतीत अडाणीच. पण हळूहळू मी त्यात अडकले. चित्र थरथरायचं, खाली पांढरी रेघ पळायची, पण माणसं ओळखीची होत गेली. एक डावखुरा शिंपी होता, मागे मागे सरकायचा आणि समोरचा हसला की मारायचा. एक टॅक्सीवाला होता, मार खाल्ला की मान हलवायचा, पटलं म्हटल्यासारखी. मी सगळं बाबांना सांगायची. ते कान देऊन ऐकायचे, आणि घंटा झाली की सवयीने स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्या घंटेला बंद. मग मोठा काटा चाचपायचे. काटा सरळ वर.

"तीन," ते म्हणायचे. दर राउंडला. त्या एका शब्दाने त्यांची पाठ ताठ व्हायची. आपण कधी न बघितलेल्या लढती म्हातारपणी सुनेच्या तोंडून ऐकाव्या लागतात, ह्याचं मात्र त्यांना वाईट वाटायचं. "इतकं सगळं होत होतं का गं माझ्यासमोर?" असं एकदा विचारलं होतं त्यांनी.

चाळीस-एक कॅसेटींनंतर माझ्या लक्षात आलं की घंटा केव्हा होणार ते मला आतूनच कळतं. हातातली भाजी निवडता निवडता मी मान वर करायची आणि ठण्ण व्हायचं. तीन मिनिटं माझ्या अंगात मुरली होती.

एक कॅसेट बाबा लावू देत नव्हते. तिच्यावर लिहिलं होतं 'पोत्या, अंतिम लढत'. पोत्या त्यांचा दोस्त. बाजारात पोती वाहायचा म्हणून पोत्या. संध्याकाळी काम संपलं की बाबांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा आणि मग क्लबात सरावाला जायचा. त्याची गोष्ट बाबांनी मला चार-पाच वेळा तरी सांगितली होती. चौथ्या राउंडमध्ये घंटा व्हायच्या आधीच त्याने हात खाली घेतले, आणि समोरच्याचा ठोसा कानशिलावर बसला. दोन दिवस शुद्धीवर आला नाही. आला तेव्हा जीभ जड आणि हात थरथरणारे. पुन्हा त्याने पोतं उचललं नाही. त्याची बायको घरी बसून शर्टांना काजं करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या शर्टांची काजं, आणि सकाळी उठून नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायची. सत्तावीस वर्षं. चार वर्षांपूर्वी तो गेला.

क्लबाने तेव्हा चौकशी केली होती. पोत्या अडखळत म्हणाला, राउंड संपला होता. बाबा म्हणाले, माझं घड्याळ बरोबर होतं. सगळं गाव ज्याच्याकडून घड्याळ लावून घ्यायचं, त्याच्यावर कोण संशय घेणार? बाजारात पोत्याचं नाव पडलं, घंटेआधी सुट्टी घेणारा. बाबांची गोष्ट दर वेळी एकाच वाक्याने संपायची, "बिचारा. घाई केली त्याने."

मला ते पटत नव्हतं. मी बसल्या जागी भाजी निवडणारी बाई, मला घंटा कळते. दहा वर्षं रोज तीन मिनिटं दोरीवरच्या उड्या आणि एक मिनिट दम, असं करणाऱ्या माणसाला कळू नये? पण मी बाबांवर संशय घेतला असं नाही. देवाशपथ नाही. मला वाटलं, कॅसेट बघितली की तो का चुकला ते कळेल. मी मागेच लागले. नको म्हटलं की मला ते करायचंच असतं, हा माझा स्वभाव. शेवटी बाबा कंटाळून म्हणाले, "लाव बाई. होऊन जाऊ दे."

पोत्या दिसायला साधा होता. बुटका, रुंद, केस घामाने चिकटलेले. पहिले तीन राउंड मार दिला थोडा, खाल्ला थोडा. "तीन," बाबा दर वेळी म्हणत होते. चौथा सुरू झाला आणि त्याला काय झालं कोण जाणे. समोरचा मारायचा तिथे पोत्या नसायचाच. घाई नाही, राग नाही. अर्धं पाऊल बाजूला, आणि ठोसा. लोक आधी ओरडत होते, मग एकदम चिडीचूप झाले. मी भाजीची परात खाली ठेवली.

"बाबा, काय सुंदर खेळतोय हो," मी म्हटलं. आणि तेवढ्यात दोरीच्या मागे, टेबलाशी, मला एक ओळखीचं नाक दिसलं. काळे केस, हातात घड्याळ. मला इतका आनंद झाला की मी मागचापुढचा विचार केला नाही. "अहो बाबा, तुम्ही दिसताय. चक्क वर बघताय तुम्ही."

पडद्यावर ते वरच बघत होते. तोंड किंचित उघडं. त्याच क्षणी मला आतून वाटलं, आता घंटा. पोत्यालाही वाटलं असणार. त्याने हात खाली घेतले, मागे वळायला लागला. घंटा झाली नाही. समोरच्याने मारलं. पोत्या पडला, आणि मग घंटा झाली.

खोलीत बटणाचा टक्क आवाज आला. बाबांनी स्टॉपवॉच थांबवलं होतं. त्यांचं बोट काट्यावर गेलं. काटा सरळ वर नव्हता, उजवीकडे जवळजवळ आडवा झाला होता. ते पुन्हा पुन्हा चाचपत राहिले. मला वाकून बघायची गरज नव्हती, पण मी बघितलं. तीन मिनिटं चौदा सेकंदं.

"फीत ताणली असेल, बाबा," मी म्हटलं. "एकतीस वर्षांची कॅसेट आहे. हळू चालत असेल."

"मग पहिला राउंडही लांबेल," ते म्हणाले. "लाव पहिला."

पहिला लावला. काटा सरळ वर. दुसरा लावला, सरळ वर. तिसरा लावला. सरळ वर. एका सेकंदाचा फरक नाही. एवढी चोख घंटा वाजवणारा माणूस मी दुसऱ्या कुठल्या कॅसेटीत ऐकला नाही, आणि त्या चोखपणानेच त्यांना कुठे लपायला जागा ठेवली नाही. मग त्यांनी चौथा पुन्हा लावायला सांगितला. दोनदा. दोन्ही वेळा चौदा.

मग ते बोलायला लागले. "लोक एकदम गप्प झाले होते गं. तसे कधी व्हायचे नाहीत. काय झालं म्हणून मान वर केली. आपल्या पायरीवर बसून बिड्या ओढणारा माणूस, तो असा खेळतो हे मला माहीतच नव्हतं. खाली बघितलं तेव्हा काटा पुढे गेला होता. घंटा वाजवली आणि बटण दाबून काटा शून्यावर आणला. किती गेला ते पाहिलंच नाही. हाताची सवय. मनाशी म्हटलं, गेलं असेल एखादं सेकंद. चौकशीत म्हटलं, बरोबर तीन. मग सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं."

आमच्या धंद्यात चूक सापडली की बरं वाटतं, कारण ती छापण्याआधी सुधारता येते. ही केव्हाच छापून झाली होती. मला स्वतःचाच संताप आला. पलंगाखालची धूळ पलंगाखाली राहिली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं?

त्यांनी रात्री जेवण घेतलं नाही. सकाळी उठून स्वच्छ शर्ट घातला आणि म्हणाले, "मला वहिनीकडे ने."

पोत्याची बायको दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावरच्या एका खोलीत राहते. दारातच उजेडाला बसली होती, मांडीवर कुणाचा तरी निळा शर्ट. "या भाऊजी," म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं. बाबा बसले नाहीत.

"वहिनी, त्या दिवशी घंटा उशिरा वाजली. चौदा सेकंदं. पोत्याने हात वेळेवरच खाली घेतले होते. मी वर बघत होतो. चौकशीत मी खोटं बोललो."

एका दमात म्हणाले. रात्रभर पाठ केलं असावं. ती सुई चालवत राहिली. हातातलं काज पूर्ण केलं, गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

"चौदा?" तिने विचारलं.

"चौदा."

"मी त्याला बोलायचे, भाऊजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "रोज सकाळी, बटणं लावताना. एवढी कसली घाई झाली होती तुला, म्हणून. सुरुवातीला तो म्हणायचा, अगं, राउंड संपला होता. मी म्हणायचे, भाऊजींचं घड्याळ खोटं बोलेल का? मग त्याने म्हणायचं सोडलं. शेवटची काही वर्षं तर मी बटणाला हात लावला की मी काही बोलायच्या आत तोच म्हणायचा, चुकलं माझं. जीभ वळत नव्हती, तरी म्हणायचा."

"मला शिव्या द्या, वहिनी."

"तुम्हाला देऊन काय करू?" ती म्हणाली. "मला त्याला सांगायचंय. ते कसं सांगू, तेवढं सांगा."

उत्तराची तिने वाट बघितली नाही. तो निळा शर्ट उलटा केला आणि पुढचं काज शोधायला लागली. पण सुईत दोरा जाईना. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चुकला. मी पुढे झाले तर तिने मानेनेच नको म्हटलं.

परत येताना मी बाबांचा हात धरला. एरवी कोणी हात धरला की ते झटकतात. कोपरा आला तरी वळले नाहीत, मी वळवलं तेव्हा वळले. स्टॉपवॉच खिशात होतं, त्याला हात लावला नाही. घराचा जिना चढताना ते मध्येच थांबले, एक पाय वरच्या पायरीवर ठेवून.

"किती झाल्या गं?" त्यांनी विचारलं.

मीही मोजल्या नव्हत्या.