चौदा मार्कांचा बेत

डोळा लागतो तेव्हा दुपारचे एक वाजून वीस मिनिटं झालेली असतात. हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी घड्याळाकडेच बघत असतो. अमरावतीतल्या आमच्या कॉलेजचा पहिला मजला, गणित विभागासमोरचा बाक. पोटात मेसचा भात, हातात हॉल तिकीट, दोन वाजता प्लेसमेंट टेस्ट. मी शांत आहे, कारण मी नापास व्हायची जय्यत तयारी करून आलोय.

ही टेस्ट बीएस्सीच्या प्रत्येक नव्या पोराला द्यावी लागते. चाळीस प्रश्न, चाळीस मार्क. पंधरा पडले की गणित मेजर घेता येतं. पंधराच्या खाली पडले की 'पाया वर्ग', म्हणजे सहा महिने अकरावीचंच गणित आणि मेजर दुसरं काहीतरी. होस्टेलवरचा थर्ड इयरचा पवनदादा म्हणतो, पाया वर्ग म्हणजे स्वर्ग. त्यानं माझा विषयांचा फॉर्मही तोंडी भरून टाकलाय. मेजर वनस्पतिशास्त्र, जोडीला मशरूम लागवड. मशरूममध्ये आजवर एकही पोरगा नापास झालेला नाही. मशरूम झालेत, पोरगा नाही.

मी चौदा मार्क पाडायचं ठरवलंय. शून्य नको, शून्य पडलं तर घरी फोन जातो. चौदा कसे सभ्य दिसतात. अडचण एवढीच की नेमके चौदा पाडायचे तर बरोबर काय आणि चूक काय ते कळायला हवं, आणि ते मला कळतं का हे मलाच माहीत नाही. गावी, कारंज्याला, अकरावी-बारावीची दोन वर्षं वर्गातली प्रत्येक टेस्ट मी सुमेध भगतचं बघून लिहिली. बोर्डाला आमची केंद्रं वेगळी आली आणि मला गणितात ऐंशी पडले. ते ऐंशी माझे की त्यानं दोन वर्षं डोक्यात कोंबलेले, कोण जाणे.

इथं यायचं, गणित घ्यायचं, एका बाकावर बसायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. मे महिन्यात सुमेध गच्चीत उभा राहून कूलरमध्ये बादलीनं पाणी टाकत होता, तेव्हा त्याला शॉक लागला. निकाल लागला तेव्हा तो शाळेत पहिला होता, आणि नव्हता.

तर, मान खाली जाते. हनुवटी छातीला टेकते.

"सरक ना बे इंगोले. दिसत नाही."

मी सरकतो. बाकापुढं आता डेस्क आहे आणि डेस्कवर उत्तरपत्रिका. पंचवीस गोळे काळे करून झालेत. पंचवीसच्या पंचवीस चूक आहेत, हे मला स्वप्नात अगदी खात्रीनं कळतं, आणि मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटतो.

मागच्या बाकावर सुमेध आहे. शाळेचा गणवेश, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय ओले.

"तू कसा काय इथं?"

"कसा म्हणजे? नंबर आहे माझा."

तो हॉल तिकीट दाखवतो. त्यावर त्याचा फोटो आहे, पण चौकातल्या श्रद्धांजलीच्या बॅनरवरचा. झेंडूच्या फुलांसकट आणि खाली 'शोकाकुल समस्त मित्रमंडळ' असं लिहिलेला. मित्रमंडळात माझं नाव तिसरं आहे.

"मेल्यावर पण प्लेसमेंट असते?"

"मंग? डायरेक्ट घेतात वाटलं काय तुले?" तो माझ्या खांद्यावरून वाकून बघतो. "तिसरा तर पाढ्याचाच होता. चुकला तुझा."

"मुद्दाम चुकवला."

"अन् चौथा?"

"तोही मुद्दाम. सगळेच."

"काऊन बे?" त्याचा आवाज एकदम चढतो. "मी तुझंच पाहून टिपून राहिलो ना!"

मी वळून बघतो. त्याच्या उत्तरपत्रिकेवर पंचवीस गोळे आहेत, माझ्यासारखेच, माझ्याच जागी.

"तुला तर सगळं येतं. तुझं तू लिही."

"नाही येत. तिकडं जाताना पुसून घेतात सगळं. पाढे ठेवले फक्त, ते बी बारापर्यंत."

मला हसू येतं. "मग घे पाया वर्ग. मशरूम असतं तिथं."

तो हसत नाही. सुमेध मशरूमवर हसत नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे.

"आमच्याकडं पाया वर्ग म्हणजे जे झालं ते परत."

"परत म्हणजे?"

"मे महिना. गच्ची. बादली." तो ओल्या पायांकडं बघतो. "परत."

मी उत्तरपत्रिका बघतो. काळे केलेले गोळे खोडता येत नाहीत, तशी सूचना वर ठळक अक्षरात आहे. उरलेत पंधरा प्रश्न. त्याला हवेत पंधरा मार्क. एकही चुकवून चालणार नाही, आणि आजपर्यंत मी फक्त चुकवायचीच तयारी केलीय.

"चला, आटपा! अमरावती, अमरावती, अमरावती!"

हा आमचा पर्यवेक्षक. खाकी कपडे, गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकीट पंच करायचं यंत्र. आमचे बाक कारंज्याच्या एसटी स्टँडवर चार नंबरच्या फलाटाला लागलेत आणि मागं गाडीचं इंजिन सुरू आहे. तो पहिल्या रांगेपासून येतोय. ज्याचा पेपर हातात येईल त्याला भोक पाडतोय. खट्. खट्.

सव्विसावा प्रश्न. 'मेसच्या वरणात डाळ आहे असे समजा. विद्यार्थी अनंताकडे जात असताना डाळीची मर्यादा काढा.' मी शून्याचा गोळा काळा करतो. मागं सुमेधचं पेन चालल्याचा आवाज येतो.

सत्ताविसावा प्रश्न मात्र खरा आहे. मॅट्रिक्स. मी सोडवतो आणि सवयीनं मान मागं वळवतो.

"बरोबर आहे का रे?"

"मले काय विचारतो? मले पाढे येतात."

"सांग ना यार."

"सात नव्वे त्रेसष्ट. घे, सांगितलं."

इतकी वर्षं मान वळवली की समोर उत्तर असायचं. आता मान वळवली की समोर मीच आहे, एका गोळ्यानं मागं. मी पुन्हा सोडवतो. तेच येतं. पुढचा प्रश्न. तो दोनदा सोडवतो. तेच येतं. एकतिसाव्याला वेगळं येतं, मग चूक सापडते. एका उण्याचं चिन्ह मी गिळलेलं असतं. खट्. पर्यवेक्षक तिसऱ्या रांगेला आलाय.

सदतीस. अडतीस. पेपर गरम लागतो, कारण ऊन आहे. आम्ही सुमेधच्या गच्चीत आहोत. कूलर घुमतोय, वाळ्याचा वास येतोय. नळाखाली बादली भरत आलीय.

"सुमेऽध," खालून त्याच्या आईचा आवाज येतो. "पाणी टाक रे बापू, कोरडी हवा येऊन राहिली."

"आलो ना आई!" तो उठतो. एका हातात उत्तरपत्रिका, दुसऱ्या हातानं तो बादली उचलतो.

"खाली बस."

"आई हाक मारते बे."

"सुमेध, बस! दोन राहिलेत."

"लवकर कर मंग."

तो बसत नाही. बादली धरून उभा राहतो, पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडतं. एकोणचाळिसावा होतो. तो बादलीवर पेपर ठेवून गोळा काळा करतो. चाळिसाव्याला गोळेच नाहीत. 'सोडवून दाखवा.' इंटिग्रेशन आहे. एक्स गुणिले कॉस एक्स. हे मी सुमेधचं बघूनसुद्धा चुकवलेलं आहे.

"सुमेऽध!"

बाय पार्ट्स करायचं. आधी कोण, नंतर कोण? पहिली ओळ. दुसरी. तो कूलरकडं एक पाऊल टाकतो. तिसऱ्या ओळीत साइन येतो, तो इंटिग्रेट करायचा, उणे कॉस, आणि उणे उणे अधिक. चौथी ओळ. पाचवी.

"झालं! झालं बे, ठेव ती बादली!"

तो बादली ठेवतो. हे मी पुन्हा सांगतो, म्हणजे मलाही ऐकू येईल. तो बादली खाली ठेवतो. माझ्याजवळ येऊन वाकतो, पाचही ओळी वाचतो. त्याच्या केसांना तेलाचा वास आहे.

"झालं म्हणते," तो म्हणतो. "कुठं झालं? आण इकडं."

तो माझ्या हातातून पेन काढून घेतो. बोटं ओली आहेत.

खट्.

शिपायानं हॉलची कडी काढलीय. दोनला पाच कमी. पोरं उठून आत जायला लागलीत. माझी मान अवघडलीय आणि मी बाकाच्या एका टोकाला बसलोय. पवनदादा जिन्यावरून ओरडतो, "इंगोल्या, लक्षात आहे ना? चौदा!"

मी हॉल तिकिटाची मागची बाजू बघतोय. तिच्यावर पेनानं एक्स कॉस एक्स सोडवलेलं आहे. पाच ओळी. अक्षर माझंच, झोपेतलं, उतारावरून घसरल्यासारखं. मी उभ्या उभ्या दोनदा तपासतो. बरोबर आहे.

पाचव्या ओळीच्या शेवटी + C लिहिलंय, इंटिग्रेशनच्या शेवटी जोडावाच लागतो तो स्थिरांक. ते मी कधीच लिहीत नाही. बारावीत प्रत्येक इंटिग्रेशनला माझा अर्धा मार्क त्यापायी गेला असता. त्याचं बघून लिहितानासुद्धा मी ते विसरायचो आणि सुमेध मागून पेन घालून लिहायचा. हे अक्षर सरळ आहे, आणि इतकं दाबून लिहिलंय की तिकीट उलटं केलं तर ते माझ्या फोटोवर उठून आलेलं दिसतं, गालापाशी. बोट फिरवलं तर लागतं.