पळस्पे फाट्यावरचा फोटो

उन्हाळ्यातली भर दुपार. पळस्पे फाट्यावर बसची वाट बघताना माझ्या वडिलांची शुगर उतरली आणि ते थांब्याच्या कट्ट्यावर आडवे झाले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर गेलेला, तोंड उघडं, एक चप्पल खाली पडलेली. आमच्याच गल्लीत क्लासेस चालवणाऱ्या सरांनी गाडीतून न उतरता फोटो काढला आणि गावाच्या फेसबुक ग्रुपवर टाकला: 'भरदुपारी तर्र! हे आपले ज्येष्ठ नागरिक.' वडिलांना रस पाजून उठवलं ते शेजारच्या रसवाल्यानं.

वडील एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दारूच्या थेंबाला आयुष्यात शिवले नाहीत. त्यांच्याकडे बटणांचा फोन, त्यामुळे फोटो त्यांना दिसला नाही, आणि घरात आम्ही कोणी तोंड उघडलं नाही. 'तळ्यावरची मंडळी हल्ली मला बघून गप का होतात?' एवढंच ते विचारायचे. तरी रोज संध्याकाळी तळ्याकाठी गप्पांना जायचे.

मी सरांना शुगरचा रिपोर्ट पाठवला. त्यांनी पोस्ट काढली आणि मला इनबॉक्समध्ये लिहिलं, 'सॉरी, गैरसमज झाला.' बदनामी अख्ख्या गावासमोर आणि माफी माझ्या एकटीच्या कानात! माझं डोकंच फिरलं. पोरांना शिकवणाऱ्या माणसाला एवढी साधी रीत कळू नये?

मग मी हात धुऊन मागे लागले. ग्रुपचे नियम पाठ केले आणि एकही मोडला नाही. सरांनी काहीही टाकलं, अॅडमिशन, निकाल, लेकाचा वाढदिवस, की खाली माझी एकच ओळ: 'सर, आजारी माणसाला दारुडा म्हटल्याची माफी याच ग्रुपवर मागायची राहिली आहे.' दोन वर्षं. पालक चौकश्या करू लागले. त्यांची दहावीची एक बॅच बंद पडली त्या दिवशी मी घरी श्रीखंड आणलं. खोटं कशाला बोलू, फार गोड लागलं.

शेवटी सर नमले. लांबलचक माफी लिहिली, चूक कबूल केली. आणि कोणाची माफी ते लोकांना कळावं म्हणून वर तोच फोटो लावला.

एव्हाना भावानं वडिलांना टचफोन घेऊन दिला होता. तळ्यावरच्या एका मित्रानं चांगल्या मनानं त्यांना ती पोस्ट पाठवली. मी ओट्याशी उभी राहून माफी तिसऱ्यांदा वाचत होते, तेवढ्यात ते आत आले. दोन बोटांनी फोटो मोठा करून स्वतःचंच उघडं तोंड बघत होते.

"बाय, मी असा पडलेलो व्हतो?"

"आबा, खाली वाचा ना. त्यांनी माफी मागितलीय."

"मागाया कोणी लावली?"

"मी."

त्यांनी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि बाहेर जाऊन बसले.

सरांना मी आजही माफ केलेलं नाही. पण वडिलांनी तळ्यावर जाणं सोडलं ते त्या संध्याकाळपासून.