मानसशास्त्रासोबत अर्थशास्त्र

माझा बारावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात आमच्या घरी कोणी मोठ्याने बोलत नसे. बाबा समोरच्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. दाढी वाढलेली, पेपर न उघडलेला.

दिग्रसला कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, धागा ओढून पाहायचा, प्रत सांगायची, हे त्यांचं काम. भाव पडत गेले तसा लोकांचा राग प्रत सांगणाऱ्यावर निघू लागला. एकदा त्यांच्या सख्ख्या मामेभावाने भर गर्दीत त्यांच्या हातातला कापूस हिसकावून तोंडावर फेकला. पुढच्या हंगामात केंद्र उघडलंच नाही. तेव्हापासून बाबा घराबाहेर पडेनासे झाले. आई शेजारणींना सांगे, "थकवा आहे." माझा मामा म्हणे, "सवय लागली बसाची."

बारावीला माझा मानसशास्त्र विषय होता. त्या पुस्तकाच्या एका प्रकरणात मला बाबाच दिसले होते. झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही. मी ते पान कोणाला दाखवलं नाही. पण बी.ए. करायचं ते यवतमाळला, मानसशास्त्र घेऊन, हे मनात पक्कं झालं.

मामाला ते पटेना. "डी.एड. कर. मास्तरीण होशीन, घर चालन. हे मनाबिनाचं शिकून कोण नोकरी देते तुले?"

तरी मी माहितीपत्रक आणलं. तीन ऐच्छिक विषय घ्यायचे होते. मानसशास्त्र आणि मराठी ठरले, तिसरा ठरेना. सगळ्या मुली समाजशास्त्र घेत; सोपं, मानसशास्त्राला जुळणारं. ते मी आईला सांगत होते, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"अर्थशास्त्र घे."

कित्येक दिवसांनी ते आपणहून बोलले होते. मी जवळ जाऊन बसले.

"काहून, बाबा?"

"मनाचंच शिकशीन तं समोर आलेला हर माणूस तुले येडाच दिसन. मीबी." ते उठून बसले. "भाव पडला त्याचं काय करशीन? त्याच्यावर गोळी हाय का तुह्या पुस्तकात?"

"अन् भाव चढला असता तर तुम्ही बरे झाले असते का?"

हे माझ्या तोंडून निघून गेलं. आई दारातच थांबली. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पुन्हा आडवे झाले.

रात्रभर मला वाटत राहिलं, आपण नको तिथे बोट लावलं. सकाळी उठून पाहते तर बाबा नळाशी दाढी करत होते. हनुवटीवर कापलं होतं. म्हणाले, "चाल, मी येतो संगं."

दारव्ह्यावरून यवतमाळला जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा मला दिली. गावाबाहेर, खरेदी केंद्र भरायचं त्या जिनिंग कारखान्याचं फाटक आलं तेव्हा ते खाली चपलांकडे पाहत बसले.

कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवरचा बाबू म्हणाला, "मानसशास्त्र अन् अर्थशास्त्र एकाच गटात हायेत. दोनातून एकच भेटन." मी म्हटलं, मग समाजशास्त्र लिहा. बाबा पुढे झाले, "नाही. दोनी पाह्यजे." बाबूचा आवाज चढला. रांगेतली मागची माणसं पुढे सरकली. तेवढ्यात बाबांचा श्वास अडकल्यासारखा झाला. घामाने सदरा भिजला. ते भिंत धरत व्हरांड्यातल्या पायरीवर बसले. कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी कांदा आणायला सांगितला.

शेजारच्या खोलीतून एक बाई आल्या. मानसशास्त्राच्या मॅडम होत्या, हे नंतर कळलं. त्यांनी गर्दी हटवली आणि बाबांच्या शेजारी पायरीवरच बसल्या. "दादा, हळूहळू श्वास सोडा. घाई नाही." बाबा सावरले. पहिलं बोलले ते एवढंच, "मले काही नाही. पोरीचे विषय पाहा."

मॅडमनी प्राचार्यांकडून परवानगी आणून दिली. अर्थशास्त्राचे तास मी सकाळच्या तुकडीत करायचे. मग मला बाजूला घेतलं. "मी शिकवते, इलाज करत नाही. यांना डॉक्टरांना दाखव. हा आजार आहे, आणि तो बरा होऊ शकतो."

आजार हा शब्द घरातल्या कोणीच अजून उच्चारला नव्हता. मला रडू आलं, आणि सुटल्यासारखंही झालं.

पण बाबा त्या दिवशी दवाखान्यात आले नाहीत. "मी येडा नाही" म्हणत बसस्टँडकडे निघाले. माझं पहिलं वर्ष तसंच गेलं. मी वसतिगृहात राहून मनाचे आजार आणि मागणी-पुरवठा पाठ करत होते, आणि गावाकडून आईचा फोन आला की आधी बाबा जेवले का तेच विचारायचे. शेवटी दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आईनेच त्यांना बसमध्ये बसवून यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी झोप परतली, जेवण परतलं. ते एका किराणा दुकानात बसू लागले. जिनिंगच्या रस्त्याने मात्र कधी गेले नाहीत.

पुढे एम.ए.ला एकच विषय ठेवायचा होता. मी मानसशास्त्र घेतलं, अर्थशास्त्र सोडलं आणि तसं फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं," आणि फोन आईकडे दिला.