लॉनला घातलेलं पाणी

नौदलाच्या दारूगोळा डेपोत माझी शेवटची पोस्टिंग होती. मी पेटी ऑफिसर, गाव सिरसाळा. तिथला लीडिंग फायरमन ज्ञानोबा, गाव युसूफ वडगाव, मेंढपाळाचा मुलगा. डेपोत आम्ही दोघंच बीडचे. डबा एकत्र खायचा आणि एकमेकांच्या गावाला नावं ठेवायची, हा आमचा रिवाज होता.

इन्स्पेक्शन तोंडावर आलं. दगडांना चुना लागला, कचेरीपुढं नवं लॉन आलं. पाण्याची टंचाई होती, तरी कमांडर साहेबांनी फायर टेंडरचं, म्हणजे आगीच्या बंबातलं, पाणी लॉनला घालायला सांगितलं. ज्ञानोबा म्हणाला, "सर, हे पाणी आगीसाठी हाय." मीही तेच बोललो. ऑर्डर म्हणजे ऑर्डर, असं आम्हाला ऐकवण्यात आलं. टेंडर पुन्हा भरायला टँकर येणार होता, तो आलाच नाही.

इन्स्पेक्शनच्या दिवशी दुपारी जुन्या तोफगोळ्यांच्या शेडमधून धूर निघाला. आत मजूर अडकले होते. मी गेटवरून वॉकीटॉकीवर विचारलं, "पाणी किती आहे?"

"हाय तेवढं मारतो. आत मानसं हायती. तुमी गेट मोकळं ठिवा."

त्यानं पाण्याच्या आडोशानं मजूर बाहेर काढले. शेवटचा माणूस बाहेर ढकलला आणि होजची धार तुटली.

"पाणी संपलं. ओव्हर."

"ज्ञानोबा, बाहेर ये."

स्फोटानं मी पालथा पडलो. उठून पाहिलं तर शेड नव्हती. कचेरीपुढचं लॉन मात्र हिरवंगार होतं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. चौकशीत उन्हाला दोष दिला गेला. कमांडर साहेब बढती घेऊन गेले.

यंदा वडगावात पुढाऱ्यांनी ज्ञानोबाचं स्मारक बांधलं. अनावरणाला मंत्री येणार म्हणून भोवती लॉन लावलं, त्याला टँकरनं पाणी दिलं. ते बघून इतकी वर्षं तोंडाला लावलेलं कुलूप राहिलं नाही. त्याच्या वडिलांना, तात्यांना, मी सगळं सांगितलं.

तात्या म्हणाले, "म्हंजी पाणी गवताला मिळालं. माझ्या लेकराला न्हाई."

ते उठले, मेंढरांभोवतीची जाळीची वाघूर उघडली आणि मेंढरं थेट स्मारकावर घातली. पुढारी धावत आले. "तात्या, पाहुणे यायलेत. हे कावून?"

"गवत हाय. मेंढरं खातेत."

मंत्री पोचले तेव्हा ज्ञानोबाच्या नावाभोवती नुसती माती उरली होती. त्या मातीत उभं राहून मी त्याला सॅल्यूट केला.